गाढवाचे दात आणि माणसाचा शब्द

१/ अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी हे गाव आहे. नवनाथांपैकी कानिफनाथांची समाधी येथे मानली जाते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या येथील यात्रेला 'भटक्यांची पंढरी' म्हणतात. वैदू, गोपाळ, कैकाडी, वडार, बेलदार अशा वर्षभर वाटेवर असणाऱ्या समाजांची ही ठरलेली भेट. याच यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. जनावराचा सौदा करताना नीती कोणाची आणि कोणाशी, या जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगायला याहून चांगली जागा नाही.

२/ गाढवांचा बाजार म्हटले की हसू येते. पण या महाराष्ट्रातील विटा, माती, वाळू आणि दगड शतकानुशतके ज्या पाठीवरून गेले, ती पाठ याच प्राण्याची आहे. घाटातले किल्ले आठवताना गड बांधणाऱ्या राजाचे नाव ओठांवर येते. चुना वाहणाऱ्या गाढवाचे येत नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि फाल्गुनात मढीत हा व्यापार चालत आला आहे. गुजरातेतून आलेले उंच काठेवाडी गाढव महाग, गावठी स्वस्त.

३/ किंमत ठरते ती दातांवर. व्यापारी जबडा उघडतो, बोट फिरवतो आणि क्षणात वय सांगतो. दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे चौवान. दात खोटे बोलत नाहीत; पण दात सगळे सांगतही नाहीत. जनावर ओझ्याखाली बसते का, लाथ मारते का, उन्हाळ्यात दम टाकते का, मागच्या पावसाळ्यात त्याचा खूर किडला होता का, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. ते त्याने सांगावे का? न विचारता सांगावे का?

४/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाला वेगळे प्रकरणच आहे: विकले-घेतलेले परत करण्याचे, म्हणजे 'अनुशया'चे. रोगी द्विपाद किंवा चतुष्पाद निरोगी म्हणून सांगून विकला, तर १२ पण दंड. चतुष्पाद परत करण्याची मुदत तीन पंधरवडे. येथे शिक्षा आहे ती खोटे बोलण्याला. गप्प बसणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्या दंडात नाही. ते परत करण्याच्या मुदतीत आहे.

५/ ही मुदत याज्ञवल्क्य स्मृतीने अधिक बारकाईने बांधली. बियाणे दहा दिवस, लोखंड एक दिवस, रत्ने सात दिवस, ओझे वाहणारे जनावर पाच दिवस, दुभते जनावर तीन दिवस. एवढ्या काळात घेणाऱ्याने परीक्षा करावी. दोष आढळला तर वस्तू परत करता येते. पाच दिवस ओझे वाहवल्यावर जनावराची खोड लपत नाही, तीन दिवस दूध काढल्यावर लाथाडी म्हैस ओळखू येते. शास्त्रकाराला बाजार ठाऊक होता, हे या आकड्यांवरून दिसते. मुदत दिली की विकणाऱ्याचे मौन निरुपयोगी होते; त्याला बोलायला भाग पाडण्याची गरजच उरत नाही.

६/ या स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) लिहिली. पुढे महाराष्ट्रात न्यायनिवाड्यासाठी तीच प्रमाण मानली गेली. म्हणजे हा दूरच्या पाटलीपुत्राचा नियम नव्हे, दख्खनच्या शास्त्री-पंडितांच्या परिचयाचा होता.

७/ आता त्याच श्लोकातील उरलेला भाग. दासीच्या परीक्षेची मुदत एक महिना, दासाची अर्धा महिना. बियाणे, लोखंड आणि बैल ज्या ओळीत, त्याच ओळीत माणूस. प्राचीन व्यवहारशास्त्राचे कौतुक करताना ही ओळ गाळण्याची सवय अनेकांना आहे. ती गाळू नये. निजामशाहीचा सर्वांत कर्तबगार वजीर मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात मालक बदलत अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनला आला आणि १५७०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या दरबारातील चंगीझखानाने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता. 'दोष आढळल्यास परत' हा नियम विकत घेणाऱ्याचे रक्षण करतो. विकल्या जाणाऱ्याचे नव्हे.

८/ हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते. परत केलेले जनावर कोठे जाते? ज्याने ते लपवून विकले त्याच्याच दावणीला. पाच दिवसांत दोनदा घर बदललेल्या बैलाला शास्त्राने काय दिले, हा प्रश्न कोणत्याही टीकाकाराला पडलेला दिसत नाही.

९/ समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांची कथा तर याहून कठोर. इराणी आखात आणि अरबस्तानातून घोडे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो लिहितो की ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता: लूट तुमची, त्यातले घोडे माझे. इतकी त्यांची मागणी.

१०/ दक्षिणेतील माबार, म्हणजे पांड्यांच्या प्रदेशाबद्दल तो जे सांगतो ते अंगावर काटा आणणारे आहे. तेथील राजे दरवर्षी हजारो घोडे सोन्याच्या भावाने घेत आणि वर्ष संपेपर्यंत त्यांतील मोजकेच जगत. कारण त्यांना घोडा राखता येत नव्हता. नालबंद नव्हते, वैद्य नव्हते. आणि व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत! घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा विक्री. शिजवलेले अन्न घोड्याला चारले जाई, असेही तो नोंदवतो. पोलोच्या आकड्यांवर इतिहासकार शंका घेतात, पण परक्या हवेतला घोडा चुकीच्या चाऱ्याने मरत असे, हे समकालीन फारसी लेखक वस्साफच्या वर्णनाशीही जुळते.

११/ या व्यवहारात कोणी खोटे बोलले नव्हते. घोडे निरोगीच होते. दातही खरे. कौटिल्याचा दंड कोणालाच लागू झाला नसता, याज्ञवल्क्याची पाच दिवसांची परीक्षाही प्रत्येक घोडा उत्तीर्ण झाला असता. विकणाऱ्याने लपवले ते जनावराचे व्यंग नव्हे, त्याला जगवण्याचे ज्ञान.

१२/ याच्या उलट उदाहरण जवळच आहे. भीमा नदी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांना लागून वाहते. तिच्या खोऱ्यात वाढलेले भीमथडी घोडे लहान चणीचे, काटक, थोड्या चाऱ्यावर टिकणारे. मराठ्यांची दौड याच घोड्यांवर झाली. ज्या खुराला खडक ठाऊक, ज्या पोटाला कडबा ठाऊक, असे जनावर त्याच मुलखातल्या माणसाने घ्यावे, ही सोय होती. पण तिच्यात जनावराचेही हित आपोआप सांभाळले गेले. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा गेला की तो सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर होई, पगार आणि मान दोन्ही घटे. त्यामुळे घोड्याची काळजी घेणे त्याला भागच होते.

१३/ अदलाबदलीचा प्रश्न मात्र सैन्यातच सर्वांत बिकट होता. हजेरीच्या दिवशी उमदा घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर मरतुकडे तट्टू न्यायचे, ही युक्ती सर्वत्र चाले. अलाउद्दीन खिलजीने त्यावर 'दाग' काढला: घोड्याच्या कातडीवर तापल्या लोखंडाची खूण. अकबराने ती पद्धत पुन्हा सुरू केली. फसवले माणसाने, डाग मात्र घोड्याला.

१४/ गावच्या बाजाराकडे परत यावे. काष्टी किंवा घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जुन्या पद्धतीचा सौदा रुमालाखाली होई. दोघांचे हात कापडाखाली, बोटांच्या दाबाने बोली, आजूबाजूच्या कोणाला आकडा कळू नये म्हणून. किंमत गुप्त, पण बैल मारका आहे की औतात बसणारा, हे चारचौघांत बोलावे लागे. कारण विकणारा पुढच्या बाजारी पुन्हा तेथेच येणार असे. एकदा नाव गेले की त्याच्या दावणीकडे कोणी वळत नसे.

१५/ मढीत तर हे नाते अधिकच घट्ट होते. गाढवांचे सौदे शब्दावर, उधारीवर होत. पैसे पुढच्या यात्रेला. खोटे गाढव विकणाऱ्याला वर्षाने तीच माणसे तोंडावर भेटत. यात्रेत जातपंचायती बसत, निवाडे होत. या पंचायतींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांच्या दंडांनी आणि बहिष्कारांनी अनेक घरे, विशेषतः बायकांची आयुष्ये, उद्ध्वस्त केली आणि शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही सौद्यामागे ओळख उभी होती, एवढे खरे.

१६/ मग आला १८७२चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली उदाहरणे. योगायोग असा की उदाहरणे घोड्याचीच. 'अ'ने लिलावात 'ब'ला घोडा विकला. घोडा सदोष आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो: ही फसवणूक नव्हे.

१७/ दुसरे उदाहरण: 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता नात्यामुळे सांगणे हे 'अ'चे कर्तव्य ठरते. तिसरे: 'ब' म्हणतो, "तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन." 'अ' गप्प. आता ते मौन बोलण्यासारखेच. तीन छोट्या उदाहरणांत बाजाराची सगळी नीती आली आहे. परक्याशी मौन चालते, आपल्या माणसाशी चालत नाही, आणि विचारल्यावर तर कोणाशीच नाही. मढीच्या यात्रेत दुसरे उदाहरण चाले. कायद्याने पहिले उदाहरण सर्वांसाठी खुले केले.

१८/ अदलाबदलीबद्दल एक बारकावा. पैशाऐवजी जनावराच्या बदल्यात जनावर दिले, तर कायद्याच्या भाषेत ती विक्री नसते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ नुसार तो 'विनिमय' असतो. आणि कलम १२० सांगते की विनिमयात प्रत्येकजण जे देतो त्यापुरता विक्रेता आणि जे घेतो त्यापुरता ग्राहक असतो. म्हणजे 'मी काही विकले नाही, फक्त बदलले' हा बचाव टिकत नाही. जबाबदारी अर्धी होत नाही, दुप्पट होते.

१९/ जनावराच्या बाजूने कायदा बोलू लागला तो उशिरा. १८९०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा, मग स्वतंत्र भारतातील १९६०चा. २०१८मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले: नोंदणी आणि प्राण्यांची नोंदवही सक्तीची. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परदेशी संरक्षित प्रजातींच्या नोंदणीची तरतूद झाली. चिंचिला हा अँडीज पर्वतातील मऊ लोकरीचा उंदीरवर्गीय प्राणी या बदलांचे चांगले उदाहरण आहे. फरसाठी त्याची एवढी शिकार झाली की १९१०मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना यांना करार करून ती थांबवावी लागली. १९२३मध्ये मथायस चॅपमन या खाण अभियंत्याने ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. आज जगभर घराघरांत पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज. रानटी चिंचिला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे. पाळीव वाण त्या यादीतून वगळलेले आहेत.

२०/ वगळलेले, म्हणजे प्रश्न पुन्हा विकणाऱ्याच्या शब्दावर आला. चॅपमनने आपले प्राणी उंच डोंगरावरून हळूहळू, थांबत थांबत खाली आणले आणि प्रवासात बर्फाने गार ठेवले, कारण ते उष्णतेने मरतात हे त्याला ठाऊक होते. अहिल्यानगरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळीशी ओलांडतो. निरोगी, तरुण, उत्तम दातांचा चिंचिला अशा गावातल्या मुलाला दुसऱ्या प्राण्याच्या बदल्यात देणारा माणूस खोटे काहीच बोलत नाही. माबारचे व्यापारीही बोलत नव्हते. हा प्राणी १५ वर्षे आणि त्याहून अधिक जगू शकतो, पाण्याऐवजी धुळीत अंघोळ करतो, गरम खोलीत तासाभरात कोसळतो. हे सांगितले गेले की नाही, याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

२१/ इकडे मढीत बाजार आक्रसतो आहे. पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातील गाढवे सुमारे ३.२ लाखांवरून १.२ लाखांवर आली. ट्रॅक्टर आणि टेम्पो हे एक कारण. दुसरे कारण अधिक अंधारातले: आंध्रातील मांसाची मागणी आणि चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून बनणाऱ्या 'इजिआओ' या औषधाची. कातड्यांच्या याच व्यापारामुळे आफ्रिकी संघाने २०२४मध्ये गाढवांच्या कत्तलीवर १५ वर्षांची बंदी घातली.

२२/ पूर्वी मढीत गाढव घेणारा कुंभार आहे की वडार, हे त्याच्याकडे पाहूनच कळे. जनावर कोणत्या भट्टीवर, कोणत्या खाणीवर जाणार, तेही. आता अनोळखी व्यापारी रोख पैसे मोजतो आणि टेम्पो भरतो. तो जबडा उघडून दातही पाहत नाही. ज्याला जनावर कामाला लावायचे असते, तोच दात पाहतो.