काउंटरच्या आतली बाजू



कामगार चळवळीतल्या माणसाने उंची कॉकटेल बारवर बोलावे हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मी स्वतः चहाच्या पुढे कधी गेलेलो नाही, तेव्हा चवीबद्दल माझ्याकडून काही ऐकायला मिळेल अशी आशा धरू नये. परंतु अशा ठिकाणच्या रात्रीला दोन बाजू असतात. एक उंच स्टुलावर बसणाऱ्याची आणि दुसरी काउंटरच्या आत उभे राहणाऱ्याची. पहिल्या बाजूवर कादंबऱ्या झाल्या, चित्रपटही झाले. दुसऱ्या बाजूशी माझा गेली पंचवीस वर्षे हॉटेल-कामगारांच्या संघटनेमुळे संबंध आहे, आणि तिचाच इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करतो. 'कॉकटेल' म्हणजे काय, याची खुलासेवार व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने दिली आहे. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण, एवढीच ती. पुढे त्यात बर्फ आला, फळांचे रस आले, आणि १८६२ साली जेरी थॉमस नावाच्या बारटेंडरने या विद्येवर पुस्तकच लिहिले. विद्या अमेरिकेची, म्हणून युरोपातली हॉटेले आपल्या अशा दालनाला 'अमेरिकन बार' म्हणू लागली.

लंडनच्या स्ट्रँड भागात १८८९ साली सॅव्हॉय हॉटेल उघडले. तेथल्या अमेरिकन बारची मुख्य म्हणून १९०३ साली एक बाई आली. तिचे नाव एडा कोलमन. वडील वारल्यावर पोटासाठी नोकरी धरलेली ही मुलगी आधी क्लॅरिजेस हॉटेलात होती, आणि तेथल्याच एका मद्यभांडाऱ्याने तिला पहिले मिश्रण शिकविले. सॅव्हॉयमधल्या रात्री कशा असतील, याची कल्पना करता येते. नाटके सुटली की नटमंडळी येणार, अटलांटिक ओलांडून आलेले धनिक येणार, राजघराण्याच्या ओळखीपाळखीचे लोक येणार. आणि काउंटरमागे ही बाई दिवसाचा दहावा का विसावा तास मोजीत बर्फाचा डबा हलवीत उभी. चार्ल्स हॉट्री हा त्या काळचा नामांकित नट. फार थकलो आहे, काहीतरी झणका असलेले दे, असे त्याने एकदा सांगितले. तिने जिन आणि गोड इटालियन व्हर्मूथ समभाग घेतले आणि त्यात फर्नेट-ब्रांका या काढ्यासारख्या कडू मद्याचे दोन थेंब टाकले. पेला एका दमात रिकामा झाला आणि हॉट्रीच्या तोंडून जो शब्द निघाला तोच त्या पेयाला चिकटला, 'हँकी पँकी'. शंभर वर्षे उलटून गेली तरी जगभरच्या बारमध्ये ते मिळते.

आता हीच बाई त्या जागेवर असताना कायदा काय करू पाहत होता, तेही ऐका. १९०८ साली ब्रिटिश सरकारने मद्यालयांच्या परवान्यांचे विधेयक आणले. बारमध्ये स्त्रियांनी काम करू नये अशी अट परवान्याला जोडण्याचा अधिकार त्यात न्यायाधीशांना दिला होता. भाषा सारी स्त्रियांच्या शीलरक्षणाची. त्यांच्या पोटाची व्यवस्था मात्र विधेयकात नव्हती. इव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर या दोघी मँचेस्टरला कामकरी स्त्रियांची संघटना करीत असत. त्या बारमधल्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. नेमके त्याच वेळी विन्स्टन चर्चिल मंत्रिमंडळात आले. मंत्री झालेल्याने पुन्हा निवडून यावे असा तेव्हा नियम होता, आणि मतदारसंघ होता वायव्य मँचेस्टर. चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकीत इव्हाची बहीण कॉन्स्टन्स मार्किएविच प्रचाराला शहरभर फिरली. एप्रिलमध्ये चर्चिल पडले. पराभवाची कारणे पुष्कळ होती, सगळे श्रेय या बायकांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ते कलम गळाले, आणि नोव्हेंबरात सबंध विधेयकच लॉर्डांच्या सभागृहाने फेटाळले. ज्यांना मतदानाचा अधिकारच नव्हता त्या बायकांनी हे साधले, ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांना मी नेहमी सांगतो.

तिकडे अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी आली. कामगाराचा गुत्ता बंद झाला. श्रीमंताने आधी भरून ठेवलेले तळघर मात्र कायद्याने त्याचे त्यालाच ठेवले, कारण बंदी विकण्यावर होती, घरात पिण्यावर नव्हती. बारटेंडर मंडळी बेकार होऊन देशोधडीला लागली. त्यांतलाच हॅरी क्रॅडॉक. जन्माने इंग्रज असलेला हा माणूस परतून सॅव्हॉयमध्ये लागला, १९२५ अखेर एडा कोलमन निवृत्त झाल्यावर मुख्य झाला, आणि १९३० साली त्याच्या नावावर निघालेले पाककृतींचे पुस्तक आजही छापले जाते. १९६३ साली हा माणूस वारला तेव्हा लंडनमध्ये त्याला गोरगरिबांच्या सामाईक कबरीत पुरावे लागले. बक्षिशीवर चालणाऱ्या धंद्यात म्हातारपणाची तरतूद कोण करतो? आणि सॅव्हॉयच्या त्या मुख्य जागेवर दुसरी स्त्री यायला २०२१ साल उजाडावे लागले.

इथवर सरकारचे झाले. आता आमच्याच घरातले सांगतो, कारण ते झाकून ठेवले तर या व्याख्यानाला अर्थ राहणार नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा अमेरिकेत हजारो बारच्या काउंटरमागे बायका उभ्या राहिल्या. युद्ध संपताच त्यांना हटवा, असा धोशा कोणी लावला? बारटेंडरांच्या संघटनेने! मिशिगन राज्यात १९४५ साली कायदा झाला, की पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरात बार पुरुषाच्या मालकीचा असेल तर त्याची बायको किंवा मुलगी तेवढी बारटेंडर होऊ शकेल, इतर स्त्री नाही. व्हॅलेंटाइन गोसेअर्ट या बाईचा स्वतःचा बार होता. तेथे ना तिला उभे राहता येईना, ना तिच्या मुलीला. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर १९४८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ती हरली. पुरुष बारटेंडरांना धंद्याची मक्तेदारी हवी आहे म्हणून हा कायदा झाला, असा आक्षेप होता. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्याकडे लक्ष देण्याचे नाकारले.

गंमत अशी, की त्याच बारमध्ये वेट्रेस म्हणून काम करायला स्त्रीला मुळीच बंदी नव्हती. म्हणजे तोच पेला हातात घेऊन प्यालेल्या माणसांच्या गर्दीत तिने खुशाल शिरावे, त्यात तिची अब्रू धोक्यात येत नाही. पण मध्ये लाकडाची भक्कम आडभिंत आहे, हाताशी गल्ला आहे आणि पगार चांगला आहे, अशा जागी ती उभी राहिली की धोका! ज्या संघटनेने मालकाशी भांडायचे तिने सोबतच्या कामकरणीशी भांडण काढले. कॅलिफोर्नियातली अशी बंदी १९७१ साली तेथल्या न्यायालयाने उडविली, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल अमान्य केला.

आपल्याकडे काय होते? १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे तिसावे कलम दिल्लीतही लागू होते. लोक दारू पितात त्या जागी कोणत्याही स्त्रीला कामाला ठेवू नये, असे ते सांगे. हॉटेल-व्यवस्थापन शिकलेल्या मुलींनी पदवी घ्यायची आणि बारच्या दारात थांबायचे! हे कलम डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी तिचे काम काढून घेऊ नका, काम करता येईल अशी सुरक्षितता निर्माण करा, असा त्या निकालाचा रोख आहे. 

मुंबईकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने 'परमिट रूम' हा शब्द आणला, तो पाट्यांवर टिकून राहिला. २००५ साली राज्याने बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण तीन व त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना त्यातून सूट दिली. पनवेलच्या बारमध्ये जे अश्लील, ते समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात कला! हजारो बायकांचे उत्पन्न एका फटक्यात गेले. उच्च न्यायालयाने २००६ साली ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल कायम केला. मधल्या सात-आठ वर्षांची भरपाई कोणी दिली नाही.

आज मुंबई-पुण्याच्या उंची बारमध्ये मुली काउंटरमागे दिसतात, आणि चांगले काम करतात. रात्रीचा दीड वाजतो. गिऱ्हाइकांच्या गाड्या दारात लागतात, शेवटची लोकल गेलेली असते, आणि आतल्या मुलीचे पेले पुसणे, बाटल्यांचा हिशेब अजून संपलेला नसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचे तेरावे कलम सांगते, की रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवावे, तिच्या संरक्षणाची व्यवस्था करावी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवावे. काही मालक दारापर्यंत याचा अर्थ हमरस्त्याच्या नाक्यापर्यंत असा लावतात. नाक्यापासून चाळीपर्यंतचे अंतर कायद्यात नाही, असे एका व्यवस्थापकाने मला तोंडावर ऐकविले. तेव्हापासून मागण्यांच्या कागदावर आम्ही पहिली ओळ गाडीची लिहितो, आणि तीत नाक्याचे नव्हे, दाराचे नाव घालतो. पगाराची ओळ तिच्याखाली येते.