हेडफोन आणि ॲम्प्लिफायर : जुळणीची शंभर वर्षे

मुंबईच्या पहिल्या नभोवाणी-श्रोत्यांपैकी पुष्कळांनी आवाज ऐकला तो हेडफोन कानाला लावून. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबईच्या कचेरीतून, टपाल-तार खात्याच्या मदतीने, संगीताचा एक कार्यक्रम बिनतारी यंत्रणेवरून प्रसारित झाला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबचे प्रसारण सुरू झाले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. त्याचे सामर्थ्य अवघे दीड किलोवॉट होते आणि साध्या संचावर ते जेमतेम ४८ किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येई.

हा साधा संच म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे. एरियलच्या तारेत प्रसारण-लहरींमुळे जी कणभर ऊर्जा निर्माण होई, तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा हलवायचा असे. त्यामुळे ती ऊर्जा वाटेत वाया जाऊन चालत नसे. संचातले मंडल आणि स्फटिक यांचा इंपिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, बराच मोठा असे. हेडफोनचा इंपिडन्सही त्याच्या जवळपास असला, तरच जास्तीत जास्त शक्ती पडद्यापर्यंत पोहोचे. म्हणून त्या काळच्या हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असत आणि जोडीचा रोध चार हजार ओहमपर्यंत जाई. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास घडवून तिथल्या आरमाराला दिलेला हेडफोन याच घराण्यातला. टेलिफोनचा कमी रोधाचा रिसीव्हर क्रिस्टल सेटला जोडला, तर आवाज जवळजवळ येतच नसे. आज महागड्या हेडफोनला योग्य ॲम्प्लिफायर शोधतात, तशी जुळणीची खटपट त्या काळीही होती. फरक इतकाच की तेव्हा जुळणी चुकली तर आवाज नाहीसा होई आणि आता त्याचा रंग बदलतो.

हेडफोनवर ऐकण्याचे हे युग महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आलेच नाही. हिंगोली आणि वाशीम यांच्या दरम्यान, निजामाचा मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या जुन्या सीमेजवळचे कनेरगाव नाका हे गाव मुंबई केंद्राच्या त्या ४८ किलोमीटरांपासून शेकडो किलोमीटर दूर होते. तिथे क्रिस्टल सेट लावूनही मुंबई ऐकू आली नसती. इतक्या अंतरावरचा क्षीण संकेत वाढवायला व्हॉल्व्हचा संच हवा, आणि व्हॉल्व्हचा संच आला की लाऊडस्पीकरही चालतो. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले तेव्हा ट्रान्झिस्टरचे दिवस होते. हेडफोनवर गाणे ऐकण्याची सवय या भागात पुढे कॅसेट आणि मोबाइल यांच्याबरोबर आली, आणि तोपर्यंत हेडफोनची विद्युत-रचना पार बदललेली होती.

हा बदल दोन टप्प्यांत झाला. पहिला टप्पा पडद्याचा. जुन्या हेडफोनमध्ये पोलादी चकती विद्युतचुंबकाकडे ओढली जाई. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये काढलेल्या डीटी ४८ मध्ये चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे आणि त्याला चिकटलेला हलका पडदा होता. लाऊडस्पीकरचेच हे तत्त्व. आवाज पुष्कळ स्वच्छ झाला. आजचे बहुतेक हेडफोन याच वंशातले आहेत.

दुसरा टप्पा स्टुडिओचा. टेलिफोन-व्यवसायातून ध्वनिवाहिन्यांसाठी ६०० ओहमचे प्रमाण आले आणि प्रसारण केंद्रांनी ते उचलले. ६०० ओहममध्ये एक मिलिवॉट शक्ती म्हणजे ०.७७५ व्होल्ट, ही ध्वनी-अभियंत्यांची मोजपट्टी झाली. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा के २४० हा स्टुडिओंमधला प्रसिद्ध हेडफोन ६०० ओहमचा होता. जास्त इंपिडन्सचा एक सरळ फायदा असा की, एकाच वाहिनीवर गायक, वादक आणि ध्वनिमुद्रक यांचे पाच-सहा हेडफोन समांतर जोडले तरी तिच्यावर फारसा भार पडत नाही. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा, मागून उघडा असा एचडी ४१४ काढला. त्याचा इंपिडन्स २००० ओहम होता. तो लाखोंनी खपला आणि घरोघर गेला.

घरात मात्र स्टुडिओची शिस्त नव्हती. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे स्टिरिओ हेडफोन आणले, त्यानंतर घरगुती ॲम्प्लिफायरवर हेडफोनचे छिद्र दिसू लागले. त्यासाठी आत वेगळा ॲम्प्लिफायर क्वचितच असे. लाऊडस्पीकरकडे जाणारा जोरदार संकेत शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त ओहमच्या रोधकातून पार करून हेडफोनला दिला जाई. स्वस्त आणि सुरक्षित उपाय होता तो. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकात हेडफोनच्या स्रोतासाठी १२० ओहम हा आकडा सुचवला गेला. आजच्या पुष्कळशा वादांचे मूळ या एका रोधकात आहे.

कारण असे. हलत्या वेटोळ्याच्या हेडफोनचा इंपिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. पडद्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येपाशी तो उंचावतो. १९९७ चा सेनहायझर एचडी ६०० कागदावर ३०० ओहमचा आहे, पण शंभर हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याच्या घुमाऱ्यापाशी, तो पाचशेच्या वर जातो. १२० ओहमच्या स्रोताला हा हेडफोन जोडला, की व्होल्टेजची वाटणी प्रत्येक स्वराला वेगळी होते. मधल्या स्वरांना सुमारे ७१ टक्के व्होल्टेज मिळते, खर्जाला ८० टक्क्यांहून थोडे अधिक. खर्ज सुमारे एक डेसिबलने फुगतो. एका श्रोत्याला तो उबदार वाटतो, दुसऱ्याला गढूळ. एक ओहमहून कमी रोधाच्या ॲम्प्लिफायरवर हाच हेडफोन ऐकणारा तिसरा श्रोता विचारतो की उबदारपणा आहे कुठे. तिघांनीही खरे तेच सांगितलेले असते. त्यांनी ऐकलेल्या जोड्या दोन होत्या आणि पहिल्या दोघांच्या आवडी वेगळ्या, एवढेच.

कानात बसवायच्या, अनेक छोटे घटक असलेल्या महागड्या इयरफोनमध्ये हा फरक फार मोठा होतो. त्यांचा इंपिडन्स एखाद्या पट्टीत दहा ओहमच्या खाली जातो आणि दुसरीकडे त्याच्या कित्येक पट होतो. तिथे दहा-वीस ओहमचा स्रोतही सूर बदलून टाकतो. म्हणूनच स्रोताचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नसावा असा व्यवहारी नियम रूढ झाला. तेवढ्यावर चढ-उतार एका डेसिबलच्या आत राहतो. स्रोताचा रोध कमी असला की वेटोळ्याच्या हालचालीला विजेचा लगामही बसतो, हे खरे. पण या लगामाचे माहात्म्य जाहिरातींनी वाढवून सांगितलेले आहे. वेटोळ्याचा स्वतःचा रोध नेहमीच वाटेत असतो, त्यामुळे एक ओहमवरून दशांश ओहमवर जाऊन कानाला कळण्याजोगे काही पदरात पडत नाही.

जुलै १९७९ मध्ये सोनीने जपानमध्ये वॉकमन विकायला काढला आणि मागणी उलटी झाली. दोन पेन्सिल सेलच्या तीन व्होल्टांवर ६०० ओहमचा हेडफोन जोरात वाजणे कठीण. एक मिलिवॉट मिळवायला ६०० ओहमला पाऊण व्होल्टाच्या वर लागतो, ३२ ओहमला ०.१८ व्होल्ट पुरतो, मात्र विद्युतप्रवाह जास्त लागतो. हेडफोन हळूहळू ३२ ओहमकडे सरकले आणि बाजारात दोन कुळे एकत्र नांदू लागली. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तर ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत निघाला. नाव एक असले, तरी व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर ही तीन रूपे तीन तऱ्हांनी वागतात. निर्गम-रोहित्र नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध दहा-वीस ओहमपासून शंभराच्या पुढेही असू शकतो. ६०० ओहमचा हेडफोन तो आनंदाने चालवतो, ३२ ओहमसमोर त्याचा दम सुटतो.

सपाट चुंबकीय पडद्याच्या, म्हणजे प्लॅनर हेडफोनची अडचण निराळी. त्यांचा इंपिडन्स सगळ्या स्वरांना जवळजवळ एकसारखा असतो, त्यामुळे स्रोताच्या रोधाने त्यांचा रंग बदलत नाही. पण काहींची भूक अफाट असते. २०१० च्या हायफायमॅन एचई-६ ची संवेदनशीलता एका मिलिवॉटला अवघी ८३.५ डेसिबल आणि इंपिडन्स ५० ओहम. संगीतातल्या ११० डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी त्याला ४४० मिलिवॉटच्या पुढे, म्हणजे पावणेपाच व्होल्ट आणि जवळपास ९५ मिलिअँपिअर लागतात. साधारण हेडफोन ॲम्प्लिफायर तिथे शिखरे छाटतो आणि ऐकणारा हेडफोनलाच कर्कश ठरवतो. म्हणून पुष्कळांनी तो थेट लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडला. एकेजीचा के १००० तर त्याआधीच, १९९० च्या सुमारास, लाऊडस्पीकरच्या टर्मिनलांना जोडण्यासाठीच बनवलेला होता.

स्थिरविद्युत हेडफोनमध्ये निवडीला वाव जवळजवळ नाहीच. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये आणलेल्या एसआर-१ पासून या जातीला पडद्यावर शेकडो व्होल्टांचा कायम दाब द्यावा लागतो. पुढच्या स्टॅक्सच्या व्यावसायिक मालिकेत तो ५८० व्होल्ट झाला. त्यासाठी वेगळे चालकयंत्र हवेच. सेनहायझरने १९९१ मध्ये ऑर्फियस हा संच काढला तेव्हा हेडफोन आणि त्याचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर एकत्र दिला, आणि अशा संचांची संख्या ३०० वर थांबवली. दोन्ही भाग एकाच कारागिराच्या हातचे असणे हा जुळणीचा सर्वांत प्रामाणिक उपाय होय.

तरीही जुळणी बिनचूक झाल्यावर मतभेद उरतातच, आणि ते ॲम्प्लिफायरच्या माथी मारू नयेत. सेनहायझरचा २००९ चा एचडी ८०० याचे ठळक उदाहरण. ५६ मिलिमीटरच्या कडीसारख्या पडद्यामुळे त्यात सूक्ष्म तपशील आणि जागेचा भास विलक्षण मिळतो. पण सहा हजार हर्ट्झच्या आसपास त्याला एक उंचवटा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्या वरच्या आंशिक स्वरांच्या झोतातून घडते, त्यांचा काही भाग याच प्रदेशात पडतो. जवळून ध्वनिमुद्रित केलेला तंबोरा या हेडफोनवर झगमगतो. तपशील मोजणाऱ्याला ते सुख वाटते, आणि गायकाच्या पाठीमागे बसून तंबोरे छेडलेल्याला ही जवारी जरा जास्तच उघडी वाटण्याची शक्यता आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना तर हिशोबच वेगळा. १९२५ नंतरच्या विद्युत-ध्वनिमुद्रणातही पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणे फारसे उरत नाही, उरते ती तबकडीची खरखर, आणि उंचवटा तीच पुढे आणतो. कंपनीने २०१६ मध्ये एचडी ८०० एस काढून आत शोषक बसवला आणि तो उंचवटा खाली आणला. दोष होता असे म्हणणाऱ्यांची बाजू त्याने राखली. जुनाच बरा म्हणणारेही मागे हटले नाहीत.

याचा काही भाग कानाच्या रचनेत आहे. कानाची पाळी आणि कर्णनलिका तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर उचलून धरतात, आणि हे प्रमाण माणसागणिक बदलते. हेडफोन पाळीला अंशतः बगल देतो, म्हणून बनवणाऱ्याला सरासरी कान गृहीत धरावा लागतो. हार्मनच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांवर चाचण्या करून बहुसंख्यांना आवडणारा स्वरसमतोल रेखाटला. त्यातही खर्जाची आवड वय आणि ऐकण्याच्या सरावानुसार बदलते. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे आवाज हळू असला की खर्ज अधिकच दबतो. दोन ॲम्प्लिफायरांची तुलना व्होल्टमीटरने पातळी सारखी न करता केली, तर थोडा मोठा वाजणारा बहुतेक वेळा सरस ठरतो. अनेक उत्साही निवाडे इथेच फसतात.

मोबाइलमधून हेडफोनचे छिद्र नाहीसे होऊ लागल्यावर ॲम्प्लिफायर बोटभर जोडणीत आला. अशा साध्या जोडणीचा रोध बहुधा एक-दोन ओहमांच्या आत असतो, त्यामुळे १२० ओहमचा जुना प्रश्न तिने निकालात काढला. पण तिचे व्होल्टेज एकाच्या आसपास असते, आणि एका व्होल्टवर ३२ ओहमला ३१ मिलिवॉट मिळत असताना ३०० ओहमला जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळतात. खरेदी करताना आणखी एक पेच पडतो. काही कंपन्या संवेदनशीलता मिलिवॉटला मोजतात, काही व्होल्टला. ३०० ओहमच्या हेडफोनसाठी मिलिवॉटला ९७ डेसिबल म्हणजे व्होल्टला सुमारे १०२ डेसिबल. ३२ ओहमला मात्र मिलिवॉटचे तेच ९७ व्होल्टला मोजल्यास सुमारे ११२ होतात. एकक न पाहता दोन हेडफोनचे आकडे शेजारी ठेवले, तर कोणाला किती मोठा ॲम्प्लिफायर लागेल याचा अंदाज पंधरा डेसिबलपर्यंत चुकू शकतो.