पान नंबर राहू दे, प्रकरण सांगा!

मागच्या भागात मी म्हटलं होतं, आंबा-फणस तोडू नयेत हा मजकूर 'आज्ञापत्रा'त आहे. एका श्रोत्याने पान नंबर मागितला. मी दिला. त्यांच्या पुस्तकात त्या पानावर भलताच मजकूर!

चूक माझीच. मी पीडीएफचा आकडा दिला होता, आणि पीडीएफ मुखपृष्ठापासूनच मोजायला लागते. त्यांची आवृत्तीही वेगळी. ई-बुकमध्ये तर अक्षर मोठं केलं की पानंच वाढतात.

आता गगनबावड्याला चला. बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची. आज्ञापत्र त्यांचंच मानतात, काळ १७१५ च्या आसपासचा. तेव्हा मराठीत छापखाना कुठला? हाताने नक्कल करायची, त्यामुळे प्रत्येक प्रतीची पानं निराळी. प्रकरण मात्र तेच राहतं. ज्ञानेश्वरीतही आपण अध्याय आणि ओवी सांगतो, पान नाही.

व्हॉट्सॲपवर हाच मजकूर 'शिवाजी महाराजांचं पत्र' म्हणून फिरतो. महाराजांचं निधन १६८० चं! शिवाय मजकूर आहे आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लाकूड लागणारच, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडं जबरदस्तीने तोडू नयेत. जीर्ण झाड हवंच असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. फॉरवर्डमध्ये हे आरमार गायबच असतं बहुतेक वेळा.

त्या श्रोत्याला परत कळवलं: आरमाराचं प्रकरण, झाडांचा भाग. दोन मिनिटांत त्यांनी फोटो पाठवला. पान अर्थातच वेगळं होतं.