बर्फाच्या घरात पाण्याचा देव

हिवाळ्यात सायबेरियाकडून निघालेले कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प घेऊन येतात आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगरांना अडले की ते सगळं बर्फ होऊन कोसळतं. सह्याद्री पावसाळ्यात कोकणावर जे करतो, तेच हे डोंगर हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर करतात. अकिता प्रांतातलं योकोते शहर याच पट्ट्यातलं. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्याला संध्याकाळी तिथे रस्त्याकडेला, अंगणांत सुमारे तीन मीटर उंचीची बर्फाची घुमटाकार घरं दिव्यांनी उजळतात. त्यांना म्हणतात कामाकुरा.

घराचे यजमान असतात मुलं. जमिनीवर चटई, मध्ये निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर फुगत असलेल्या मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या. समोरच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात जलदेवता. कापूस भरलेले जाड अंगरखे घातलेली मुलं येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावतात. पाहुण्याने बूट काढायचे, देवाला नमस्कार करून काही ठेवायचं आणि मुलांनी दिलेलं गरम आमाझाके, तांदूळ आंबवून केलेलं गोड पेय, प्यायचं.

ही प्रथा सुमारे साडेचारशे वर्षांची असल्याचं मानलं जातं, पण ती एका झऱ्यातून आलेली नाही. जुन्या योकोतेत सामुराईंची वस्ती वेगळी आणि व्यापाऱ्यांची वेगळी. जुन्या पंचांगातल्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमारास सामुराई बर्फाच्या चौकोनी भिंती रचून त्यात नवीन वर्षाची सजावट, पेंढा जाळत आणि मुलाबाळांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करत. व्यापारी पेठेत चांगल्या पाण्याची वानवा, म्हणून तिथले लोक विहिरीजवळ जलदेवतेला पूजत. आणि मुलं? ती बर्फाचे ढिगारे पोखरून त्यात खेळत, जशी बर्फाळ गावातली मुलं कुठेही खेळतील. विसाव्या शतकाच्या तोंडावर अग्नी, पाणी आणि खेळ एका घुमटाखाली आले, आणि पूजेचं यजमानपण खेळणाऱ्यांकडे गेलं.

मुलांच्या अशा खेळांना लिखित इतिहासात जागा मिळाली ती एका व्यापाऱ्यामुळे. एचिगो प्रांतातल्या शिओझावाचे सुझुकी बोकुशी कापडाचा व्यापार करत. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, लोकांना बर्फ म्हणजे शोभेची गोष्ट वाटते, छपरापर्यंत बर्फ चढलेल्या गावाचं जगणं त्यांना ठाऊकच नाही, ही त्यांची खंत. त्यांचा ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ 1837 पासून छापला जाऊ लागला. त्यात हिमलोटांपासून बर्फावर पांढरं केल्या जाणाऱ्या कापडापर्यंत सगळं सचित्र आहे, आणि मुलांनी रचलेलं बर्फाचं देऊळही आहे. त्यातली हिमकणांची चित्रं मात्र कोगाचे सरदार दोई तोशित्सुरा यांच्याकडून घेतलेली. या सरदारांनी वीसेक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली हिमकण पाहून 1832 मध्ये 86 आकृत्या प्रसिद्ध केल्या होत्या. काळं कापड आधी बाहेर गार करायचं, त्यावर पडता बर्फ झेलायचा आणि कण वितळू नये म्हणून श्वास रोखून बघायचं, अशी त्यांची पद्धत. गार काळं कापड आणि भिंग एवढ्यावर आजही कुठलंही मूल हे करू शकतं.

कामाकुराला एक परदेशी चाहता मिळाला तो 1936 मध्ये. जर्मन वास्तुकार ब्रूनो टाउट त्या फेब्रुवारीत योकोतेत आले आणि या घरांवर लुब्ध होऊन त्यांनी लिहिलं. योगायोग असा की त्याच वर्षी 12 मार्चला होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी सशाच्या केसाच्या टोकावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला.

प्रयोगशाळेत जे शिकायला मिळतं, त्यातलं बरंच कामाकुरा बांधतानाही हाती लागतं. ताजा बर्फ बहुतांशी हवाच असतो. तो लगेच पोखरला तर ढासळतो. म्हणून थरावर थर टाकून तुडवायचा आणि काही दिवस तसाच ठेवायचा. तेवढ्यात कण एकमेकांना चिकटतात, ढीग घट्ट होतो, मग फावड्याने आतून कोरायचं. उरलेल्या हवेमुळे भिंत उष्णता अडवते, वाराही आत येत नाही. दिवसा आत निळसर उजेड असतो, कारण बर्फातून जाताना प्रकाशातला तांबडा भाग जास्त शोषला जातो.

आता उत्सवातले मोठे घुमट अनुभवी कारागीर बांधतात. हजारो पाहुणे आत-बाहेर करणार, तेव्हा ते मुलांवर सोपवणं शक्य नाही. मुलांच्या वाट्याला यजमानपण उरलं, आणि बांधकामाची हौस भागते छोट्या कामाकुरांवर. बादलीत बर्फ ठासून ती उपडी करायची, बाजूने कोनाडा कोरायचा आणि आत मेणबत्ती लावायची. शाळेच्या मैदानावर आणि नदीकाठच्या पटांगणात अशा शेकडो मेणबत्त्या लागतात. बर्फ कोरडा असला तर बादली काढताच तो भुगा होऊन पडतो. मग पाणी शिंपडून पुन्हा ठासायचा.