स्पॅनिश भाषेतील साधा भविष्यकाळ

साधा भविष्यकाळ (स्पॅनिशमध्ये 'फुतुरो सिंप्ले') हा स्पॅनिश भाषेतील क्रियापदाचा एक काळ असून तो पुढे घडणारी क्रिया, वचन, आज्ञा तसेच वर्तमानाविषयीचा तर्क व्यक्त करतो. स्पॅनिशच्या इतर काळांच्या तुलनेत याची रूपसिद्धी सोपी आहे.

== रूपसिद्धी ==
स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूप 'आर', 'एर' किंवा 'इर' यांनी संपते आणि त्यानुसार त्यांचे तीन गण पडतात. वर्तमानकाळात हा शेवट काढून प्रत्यय लावले जातात व ते गणानुसार बदलतात. भविष्यकाळात मात्र मूळ रूप अखंड ठेवून त्यापुढेच प्रत्यय येतात आणि तिन्ही गणांना तेच सहा प्रत्यय लागतात : ए, आस, आ, एमोस, एइस, आन. 'आब्लार' (बोलणे) या क्रियापदाची रूपे अशी :

यो आब्लारे – मी बोलेन
तू आब्लारास – तू बोलशील
एल / एया आब्लारा – तो / ती बोलेल
नोसोत्रोस आब्लारेमोस – आम्ही / आपण बोलू
बोसोत्रोस आब्लारेइस – तुम्ही बोलाल
एयोस आब्लारान – ते बोलतील

याचप्रमाणे 'कोमेर' (खाणे) पासून 'कोमेरे' आणि 'बिबीर' (राहणे, जगणे) पासून 'बिबिरे' होते. मराठीत 'बसेन' आणि 'करीन' असा जो भेद करावा लागतो, तसा येथे नाही. आदरार्थी 'उस्तेद' (आपण) तृतीय पुरुषी एकवचनी रूप घेते. लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' वापरात नसल्याने तेथे 'तुम्ही' साठी 'उस्तेदेस आब्लारान' असे म्हणतात.

== आघात ==
'एमोस' वगळता सर्व रूपांत आघात शेवटच्या अक्षरावर पडतो आणि रोमन लिपीत तो चिन्हाने दाखवणे बंधनकारक आहे. देवनागरी लेखनात हे चिन्ह दिसत नाही. शिकणाऱ्याची चूकही बहुधा येथेच होते. चिन्ह गळले की 'आब्लारा' (तो बोलेल) हे भूतकालीन संकेतार्थी रूप ठरते आणि वाक्याचा अर्थच बदलतो.

== उगम ==
अभिजात लॅटिनमधील भविष्यकाळ स्पॅनिशमध्ये उतरला नाही. बोलीत 'ब' आणि 'व' यांचे उच्चार एकरूप होऊ लागल्याने 'आमाबित' (तो प्रेम करील) आणि 'आमावित' (त्याने प्रेम केले) यांतील फरक कानाला कळेनासा झाला. त्याऐवजी मूळ रूपापुढे 'असणे, बाळगणे' या अर्थाचे क्रियापद जोडण्याची पद्धत रूढ झाली. 'कांतारे हाबेओ' याचा आरंभीचा भाव मराठीतील 'मला गायचे आहे' याच्या जवळचा होता. पुढे हे दोन शब्द एकजीव होऊन 'कांतारे' (मी गाईन) झाले. आजचे प्रत्यय म्हणजे 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपेच होत. केवळ 'आबेइस' हे आखडून 'एइस' झाले आहे. आंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ च्या आपल्या व्याकरणात ही घडण नोंदवली होती. जुन्या स्पॅनिशमध्ये मूळ रूप आणि प्रत्यय यांच्यामध्ये सर्वनामही घालता येई.

== अनियमित रूपे ==
प्रत्यय कधीही बदलत नाहीत. मोजक्या क्रियापदांचे अंग तेवढे बदलते. 'तेनेर' (जवळ असणे) चे 'तेंद्रे', 'पोदेर' (शकणे) चे 'पोद्रे', 'आसेर' (करणे) चे 'आरे' आणि 'देसिर' (सांगणे) चे 'दिरे' होते. उलट वर्तमानकाळात अत्यंत अनियमित असलेली 'सेर' (असणे) आणि 'इर' (जाणे) येथे पूर्णपणे नियमित आहेत : सेरे, इरे.

== वापर ==
बोलीत, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, नजीकच्या भविष्यासाठी 'इर' च्या वर्तमानकाळी रूपापुढे 'आ' आणि मूळ रूप जोडण्याची रचना अधिक आढळते. उदाहरणार्थ, 'बोय आ आब्लार' (मी बोलणार आहे). साधा भविष्यकाळ तर्कासाठी मात्र सर्रास वापरला जातो : 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'तो घरी असेल'. मराठीतील 'असेल' चा वापरही असाच असल्याने मराठी भाषकाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.