सूक्ष्मदर्शक: एकट्याचा आणि सर्वांचा

वर्गात कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशी स्वच्छ दिसतात, कारण तो एका थराचा असतो. मेंदूचा जाडसर तुकडा ठेवला तर सगळे धूसर होते. ज्या थरावर भिंग जुळवले त्याच्या वरच्या-खालच्या थरांतला प्रकाशही चित्रात मिसळतो.

यावर मार्विन मिन्स्की यांनी १९५० च्या दशकात उपाय शोधला. हार्वर्ड विद्यापीठात असताना त्यांना मेंदूतील चेतापेशींची जोडणी पाहायची होती. त्यांनी एका वेळी एकाच बिंदूवर प्रकाश टाकला आणि तेथून येणारा प्रकाश बारीक छिद्रातून घेतला. इतर थरांतला बहुतेक प्रकाश त्या छिद्रापाशी अडतो. असे बिंदू जोडून चित्र बनते. हाच कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. पेटंटचा अर्ज १९५७ मध्ये झाला, पेटंट १९६१ मध्ये मिळाले. पण लेसर आणि आटोपशीर संगणक तेव्हा हाताशी नव्हते. मिन्स्की पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि जीवशास्त्रज्ञांपर्यंत हे यंत्र पोचलेच नाही.

मधल्या काळात इतरांनीही या दिशेने प्रयत्न केले. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जीवशास्त्रज्ञ आणि यंत्रे घडवणारे कारागीर एकाच छपराखाली काम करत. तेथे जॉन व्हाइट, ब्रॅड अ‍ॅमॉस आणि सहकाऱ्यांनी लेसरवर चालणारा कॉन्फोकल बनवला. साध्या सूक्ष्मदर्शकाशी त्याची तुलना करणारा त्यांचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायो-रॅड कंपनीने हे यंत्र बाजारात आणले.

एवढे महाग यंत्र प्रत्येक प्राध्यापकाला घेणे शक्य नव्हते. म्हणून विद्यापीठांनी सामाईक सूक्ष्मदर्शन केंद्रे उभारली. तेथे तासावर नोंदणी करायची, ठरलेले शुल्क भरायचे आणि आपला नमुना घेऊन जायचे. अमेरिकेतील जनेलिया संशोधन संकुलाने तर २०१४ मध्ये बाहेरच्या संशोधकांना नवी यंत्रे विनाशुल्क वापरता येतील असे केंद्र सुरू केले.

या केंद्रात यंत्राइतकेच महत्त्व ते सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला असते. समजा, कर्करोगाच्या पेशीतील दोन प्रथिनांना हिरवा आणि लाल असे दोन चमकणारे रंग दिले. हिरव्याचा थोडा प्रकाश लालसाठीच्या गाळणीतून झिरपला, तर दोन्ही प्रथिने एकाच जागी असल्याचा भास होतो. एकेकटा रंग दिलेला नमुना आधी तपासा, असे हा तज्ज्ञ बजावतो, आणि चुकीचा निष्कर्ष तेथेच थांबतो. आम्हा संशोधकांचे कितीतरी काम अशा माणसांवर उभे असते. पण यंत्राला निधी एकदाच लागतो, माणसाला पगार दरमहा लागतो. काटछाट होते ती बहुधा पगारात. मग यंत्रावर धूळ बसते.

आपल्या शाळांतही सूक्ष्मदर्शक पुष्कळदा कपाटात कुलूपबंद असतो. जवळपासच्या चार शाळांनी आपले सूक्ष्मदर्शक एका खोलीत मांडावेत, एका शिक्षकाला त्यासाठी आठवड्यातले काही तास मोकळे द्यावेत आणि मुलांची पाळी लावावी. मुलांना स्वतः भिंग जुळवू द्यावे.