वारा, कोळसा, तेल आणि वीज : रत्नागिरीच्या बंदरांतील ऊर्जापरिवर्तन

१

मिरजोळे हे बंदर नव्हे. रत्नागिरी शहरास लागून असलेल्या या गावी औद्योगिक वसाहत आहे, विमानतळ आहे. बंदरे आहेत ती पश्चिमेस, मिरकरवाडा, भगवती बंदर व मिऱ्या येथे. तथापि रत्नागिरीच्या बंदरांची आजची स्थिती समजून घ्यावयाची तर आरंभ मिरजोळ्यापासून करणेच सोयीचे ठरते. मिरकरवाड्यास डिझेलवर चालणाऱ्या नौकांतून मासळी उतरते. तिच्यापैकी काही मिरजोळ्याच्या कारखान्यांत विजेवर गोठविली जाते. आणि जी परदेशी जावयाची ती डिझेलच्या शीतवाहनांतून मुंबईजवळच्या बंदराकडे नेली जाते. समुद्रातून आलेला माल पुन्हा समुद्रावर जाण्यापूर्वी सुमारे ३०० किलोमीटर जमिनीवरून प्रवास करतो. शेजारच्या बंदराचे सामर्थ्य कोठे व कसे गेले, हा प्रश्न या प्रवासातच दडलेला आहे.

बंदरांनी धूर व कर्बवायू न सोडणाऱ्या ऊर्जेकडे कसे वळावे, याची चर्चा आज जगभर चालू आहे. ती बहुधा यंत्रांच्या अंगाने होते : जहाजास कोणते इंजिन असावे, त्यात कोणते इंधन घालावे. रत्नागिरीच्या किनाऱ्याचा इतिहास मात्र वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवितो. येथे ऊर्जा जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा कोणती बंदरे जगणार व कोणती मावळणार हे जहाजाने नव्हे, तर किनाऱ्याने ठरविले. नवी ऊर्जा ज्या किनाऱ्यावर उपलब्ध होती तेथे व्यापार गेला. उरलेली बंदरे केवळ थांबे होऊन राहिली.

२

शिडाच्या काळात बंदरास ऊर्जा पुरवावी लागत नसे. वारा आणि भरती या दोन्ही शक्ती प्रत्येक खाडीस सारख्याच लाभलेल्या होत्या. रात्री व पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर गलबत बंदराबाहेर पडे, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्याकडे येई. खाडीतून आत जावयाचे तर तांडेल भरतीची वाट पाही. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतील भेद त्याच्या व्यवसायाचा पाया होता. वाऱ्यांची व भरतींची ही निरनिराळी नावे म्हणजे त्या काळच्या ऊर्जेचे हिशेबच होत.

या व्यवस्थेमुळे बंदरे किनारभर विखुरलेली होती, आणि ती केवळ समुद्रकाठी नव्हती. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ होते, तसे खाडीच्या वरच्या अंगास चिपळूणजवळ गोवळकोट होते. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. राजापूर तर समुद्रापासून बरेच आत, आणि तरीही सतराव्या शतकात इंग्रजांनी तेथे वखार घातली होती. बहमनी व आदिलशाही अमदानीत दाभोळची ख्याती इराणी आखातापर्यंत होती. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले, यावरूनही त्याचे महत्त्व कळते.

हा काळ सुखाचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. पावसाळ्याचे महिने बंदरे बंद असत. गलबते ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्या खुला होई. वाऱ्याची ऊर्जा फुकट होती, परंतु ती मागेल तेव्हा मिळणारी नव्हती. शून्य-उत्सर्जनाच्या आजच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा पुढे येतो.

३

वाफेने पहिला मोठा बदल घडविला. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही बोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. एडनपर्यंतची मजल गाठण्यासाठी तिच्यात इतका कोळसा भरावा लागला, की माल व प्रवासी यांच्यासाठी राखलेली जागाही त्याने व्यापली. वाफेच्या जहाजास वाटेत कोळशाचे कोठार हवे, हा धडा या सफरीने दिला; आणि १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन ताब्यात घेतले त्यामागे हेही एक कारण होते. बंदराचे मोल आता त्याच्या खाडीवर नव्हे, तर त्याच्या कोठारावर ठरू लागले.

मराठीने या नव्या जहाजास 'आगबोट' म्हटले. 'गलबत' किंवा 'मचवा' या शब्दांत नौका कशाने चालते याचा उल्लेख नाही. 'आगबोट' या शब्दात तो प्रथमच येतो. बोलणाऱ्यांच्या नजरेत भरली ती ऊर्जा. परंतु ही आग रत्नागिरीची नव्हती. कोकणपट्टीवरून फिरणाऱ्या आगबोटींचा कोळसा मुंबईस भरला जाई, त्यांच्या कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईस असत, आणि वेळापत्रकही तेथेच ठरे. रत्नागिरीस आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. खाडीच्या आतील बंदरे तिच्या वाटेवरच नव्हती. गाळाने आधीच उथळ होत चाललेल्या राजापुराची पीछेहाट त्यामुळे अधिक वेगाने झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी, स्वदेशीच्या वातावरणात, मराठी माणसांच्या भांडवलावर एक नौकानयन कंपनी उभी राहिली आणि लोकांनी तिला 'माझी आगबोट कंपनी' हे नाव दिले. त्या 'माझी'मध्ये परक्या ऊर्जेवर आपला हक्क सांगण्याची इच्छा स्पष्ट दिसते. तथापि मालकी बदलली तरी कोळसा मुंबईचाच राहिला, आणि दर्याचे भयही टळले नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली.

४

तेलाने दुसरा बदल केला, आणि तो अधिक निर्णायक ठरला. डिझेल हे बंदरावर अवलंबून नसलेले इंधन आहे. ते टँकरमधून कोणत्याही गावी पोहोचते. त्यामुळे वाहतूक समुद्र सोडून रस्त्यावर आली. स्वातंत्र्योत्तर काळात चौगुले व पुढे मोगल लाइन या कंपन्यांनी कोकणची प्रवासी बोट काही वर्षे चालविली, पण अखेर ती सेवा बंद पडली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि बोटीचा प्रवास आठवणींपुरता उरला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मिरजोळ्याची वसाहत धक्क्याशी नव्हे, तर रस्त्याशी जोडली गेली, हे या परिवर्तनाशी सुसंगतच होते.

याच तेलाने एक बंदर मात्र वाढविले, ते मिरकरवाड्याचे. शिडाच्या होड्यांची जागा यांत्रिक नौकांनी घेतली, मासेमारी दूरवर गेली, बर्फाचे कारखाने आले. मासेमारी संस्थांच्या नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा देण्याची शासनाची योजना आहे. म्हणजे या बंदराचे अर्थकारण डिझेलच्या किमतीवर उभे आहे, आणि ती किंमत सुसह्य राखण्यात शासनाचाही वाटा आहे.

५

याच जिल्ह्यात बंदराचा एक तिसरा प्रकारही निर्माण झाला : इंधन जहाजात भरण्याचे नव्हे, तर जहाजातून उतरविण्याचे बंदर. जयगड येथे २००९ मध्ये खोल पाण्याचे नवे बंदर सुरू झाले. त्याच्या शेजारी १,२०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र २०१० व २०११ या वर्षांत कार्यान्वित झाले, आणि त्याचा आयात कोळसा याच बंदरावर उतरू लागला. दाभोळ येथील वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्त्यावर चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुढे तो दुसऱ्या कंपनीकडे आला, आणि २०१३ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल सुरू झाले. लाटा अडविणारा बांध अपुरा असल्यामुळे हे टर्मिनल अनेक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. एवढा खर्च होऊनही दाभोळचा दर्या नारळी पौर्णिमेच्या जुन्याच नियमाने चालला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

६

आता तिसऱ्या परिवर्तनाची वेळ आली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये जहाजवाहतुकीचे उत्सर्जन २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. त्याच वर्षी भारत सरकारने 'हरित सागर' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दर टन मालामागील कर्ब-उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवावयाचे आहे. परंतु ही तत्त्वे मुख्यत्वे केंद्राच्या अखत्यारीतील प्रमुख बंदरांना उद्देशून आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील सर्व बंदरे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतात.

या परिवर्तनातील सर्वांत सिद्ध उपाय किनाऱ्यावरील विजेचा आहे. धक्क्यास लागलेले जहाज मुख्य इंजिन बंद करते, परंतु दिवे, पंप व शीतयंत्रे यांसाठी साहाय्यक इंजिने चालूच ठेवते, आणि बंदराच्या वस्तीवर येणारा धूर बव्हंशी तेथूनच येतो. स्वीडनमधील गॉथेनबर्ग बंदराने २००० मध्ये उच्च दाबाची वीज तारेने जहाजास देण्यास प्रारंभ केला. लॉस एंजेलिसने २००४ मध्ये कंटेनर-जहाजांसाठी ती सोय केली. युरोपीय संघाच्या मुख्य बंदरांत कंटेनर व प्रवासी जहाजांना २०३० पासून ती बंधनकारक होणार आहे. यात तांत्रिक अडचण आहे, पण ती सुटलेली आहे : भारतातील वीज ५० आवर्तनांची, अनेक जहाजांतील ६० आवर्तनांची; त्यासाठी धक्क्यावर परिवर्तक बसवावा लागतो. खरा प्रश्न ही वीज येते कोठून, हा आहे. जयगडच्या धक्क्यावर शेजारच्या औष्णिक केंद्राची वीज दिली, तर धूर जहाजाच्या धुराड्यातून केंद्राच्या धुराड्यात जाईल. नाहीसा होणार नाही. आणि कोळसाच थांबला, तर तो आणण्यासाठी उभारलेल्या बंदरास दुसरा माल शोधावा लागेल.

या प्रश्नाचे एक उत्तर जिल्ह्यातच वाहत आहे. १९६२ पासून कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून पोफळीस वीज निर्माण करते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज देऊन झालेले हे पाणी वाशिष्ठीत पडते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते. कोळशाविना निर्माण झालेली वीज ज्या नदीकाठी निघते, तिच्याच मुखाशी आयात केलेला वायू जाळून वीज करण्याचा घाट घातला गेला. अर्थात कोयनेचे पाणी अमर्याद नाही. पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा लवादाची ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा आहे, आणि ती वीज मुख्यतः मागणीच्या ऐन वेळी वापरली जाते. दिवसा सूर्याची, पावसाळ्यात वाऱ्याची, आणि ती दोन्ही नसतील तेव्हा पाण्याची, अशी सांगड घालावी लागेल. वारा मागेल तेव्हा मिळत नाही, ही तांडेलाची जुनी अडचण अशा रीतीने वीज-अभियंत्याची झाली आहे. हे काम अशक्य नाही, हे कोकण रेल्वेने दाखविले आहे. तिचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग २०२२ मध्ये पूर्णपणे विद्युतीकृत झाला. ज्या रेल्वेने बंदर रिकामे केले, तिने वीजही बंदराच्या आधी स्वीकारली.

७

वाफ आली तेव्हा कोठार मुंबईस होते, म्हणून रत्नागिरी थांबा झाली. तेल आले तेव्हा टँकर रस्त्याने आला, म्हणून धक्का ओस पडला. वीज आली असता ती केवळ मोठ्या बंदरांपर्यंत पोहोचली, तर हाच क्रम तिसऱ्यांदा घडेल. मोठ्या बंदरास वीजवाहिनी, परिवर्तक आणि हरित प्रमाणपत्र मिळेल; मिरकरवाड्याचा नौकामालक मात्र महागत जाणाऱ्या डिझेलसह मागे राहील, आणि परताव्याची योजना त्यास आणखी काही वर्षे तेथेच खिळवून ठेवील. दूरवर जाणाऱ्या नौकांना आजच्या बॅटऱ्या पुरणाऱ्या नाहीत, हे खरे. परंतु सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्या लहान होड्या, बर्फाचे कारखाने, मिरजोळ्याची शीतगृहे आणि त्यांना जोडणारी थोड्या अंतराची वाहतूक ही साखळी विजेवर आणणे आजही शक्य आहे. परताव्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा काही भाग त्या कामी लावावयाचा की नाही, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नसून धोरणाचा आहे.

पूर्वीच्या दोन्ही परिवर्तनांत या किनाऱ्याचे मत कोणी विचारले नाही. 'माझी आगबोट' म्हणणाऱ्या पिढीने ते सांगण्याचा प्रयत्न केला, पण तिच्या हाती बोट होती, कोळसा नव्हता. या वेळची ऊर्जा पोफळीच्या पाण्यात, सड्यावरच्या उन्हात आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात आहे. ती प्रथमच या जिल्ह्याच्या स्वतःच्या हाती येऊ शकते. ती धक्क्यापर्यंत नेण्याचा निर्णय लहान बंदरांना वगळून झाला, तर मिरजोळ्याची मासळी यापुढेही ३०० किलोमीटर जमिनीवरून समुद्राकडे जात राहील.